पन्नास वर्षांचा संसार पंचवीस मिनिटांत कसा मावेल?

प्रश्न : मी २५ मिनिटांचा लघुपट करतोय. ७८ वर्षांचा नवरा, ७४ वर्षांची बायको, लग्नाला ५० वर्षं झालेली. तिला हळूहळू विसरायला होतंय आणि तो सांभाळून घेतोय, एवढीच गोष्ट. पटकथा ३२ पानांची झाली आहे, त्यात तीन फ्लॅशबॅक आहेत. शेवटी तरुणपणीचं एक गाजलेलं गाणं ऐकून ती नवऱ्याला ओळखते आणि त्याच रात्री झोपेत प्राण सोडते. वाचणारे सगळे ‘छान आहे, पण मालिकेसारखं वाटतं’ म्हणतात. चुकतंय कुठे? शूटिंग पुढच्या महिन्यात आहे, चार दिवसांचं. दोन्ही भूमिकांसाठी सत्तरी ओलांडलेले कलाकार तयार आहेत, पण पाठांतराची भीती वाटते म्हणून नवऱ्याच्या भूमिकेत ४५ वर्षांच्या मित्राला घ्यावं का? गोष्ट माझ्या आजी-आजोबांवरून सुचली आहे. त्यांना सांगावं का? सोबत पहिला सीन जोडला आहे.

उत्तर :

पहिला सीन वाचला. नवरा म्हणतो, “आठवतं का गं, आज आपल्या लग्नाला पन्नास वर्षं झाली.” ती म्हणते, “किती सुखदुःखं पाहिली आपण एकत्र!” मालिकेचा वास येतो तो इथून. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट ते एकमेकांना सांगतायत, म्हणजे खरं तर प्रेक्षकाला सांगतायत. इतकी वर्षं एका घरात काढलेली माणसं अर्धी वाक्यं बोलतात. भांडणसुद्धा मधूनच सुरू होतं, कारण त्याची सुरुवात वीस वर्षांपूर्वी कधीतरी झालेली असते. “खिडकी?” “लावली.” “मागची?” “दोन्ही.” या चार ओळींत जेवढा संसार आहे तेवढा तुमच्या पहिल्या पानभर संवादात नाही.

मग पन्नास वर्षं दाखवायची कशातून? सवयीतून. दोघांनी मिळून करायची, रोजची, कंटाळवाणी वाटेल अशी एक कृती शोधा. तिचे दोन भाग हवेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक यायला हवा. ती कृती आधी पूर्ण आणि निवांत दाखवा, मग तिच्यातला एकाचा भाग डळमळू द्या. अशा सिनेमातला गोडवा आणि कडवटपणा वेगवेगळ्या सीनमध्ये वाटून दिला की फसतो. एक हसरा प्रसंग, एक रडका प्रसंग अशी पाळी लागते आणि प्रेक्षक पुढचा अंदाज बांधत बसतो. एकाच कृतीत दोन्ही आलं पाहिजे.

तुमच्याच पटकथेत अशी जागा आहे, पान ११ वर. ती रात्री त्याला गोळ्या देते. तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. तिथे थांबा. सात वारांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी घ्या. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता तळहात पुढे करतो, ती त्या दिवसाच्या कप्प्यातल्या दोन गोळ्या त्यावर ठेवते, पाण्याचा पेला सरकवते, त्याच्या गळ्याची हालचाल दिसेपर्यंत बघत राहते आणि मग झाकण लावते. संवाद नाही. हे सगळं एका शॉटमध्ये, ४५ ते ५० सेकंद.

दुसऱ्या वेळी हाच सीन १५ सेकंदांत. फक्त तळहात, गोळ्या, झाकण. प्रेक्षकाला ओळखीचं वाटलं की पुरे.

तिसऱ्या वेळी ती गोळ्या देते, तो घेतो. पाच मिनिटांनी ती पुन्हा डबी घेऊन येते. तो तिच्याकडे बघतो. तळहात पुढे करतो. ती पुढच्या दिवसाच्या कप्प्यातल्या गोळ्या ठेवते. तो मूठ तोंडाशी नेतो, पाणी पितो, गळा हलवून दाखवतो आणि ती झाकण लावायला वळली की गोळ्या सदऱ्याच्या खिशात टाकतो. तो तिला फसवतोय आणि तिचा मान राखतोय, दोन्ही त्याच हालचालीत. पुढे ती झोपल्यावर तो खिशातल्या गोळ्या पुन्हा कप्प्यात भरतो. यानंतर ‘तू नसतीस तर मी काय केलं असतं’ हे वाक्य त्याच्या तोंडी घालायची गरज उरणार नाही.

ही डबी कंटिन्यूइटीचा (एका शॉटमधली वस्तू दुसऱ्यात तशीच जुळण्याचा) सापळा आहे, हे आताच लक्षात घ्या. प्रत्येक सीनला कोणता वार आहे आणि कोणत्या कप्प्यात किती गोळ्या आहेत याचा तक्ता करा आणि प्रत्येक टेकआधी डबीचा फोटो काढा. सीन क्रमानं शूट होणार नाहीत, त्यामुळे शुक्रवारच्या सीनमध्ये बुधवारचा कप्पा भरलेला दिसला तर एडिटमध्ये काहीही करता येत नाही. सेटवर खऱ्या औषधाची एकही गोळी नको. आठ टेक झाले तर सोळा गोळ्या होतात. साखरेच्या गोळ्याही नकोत, कलाकाराला मधुमेह असू शकतो. बिनसाखरेच्या, हातात न विरघळणाऱ्या नकली गोळ्या करून घ्या आणि गिळायला लावू नका. गालात धरून कटनंतर काढायच्या. औषधाच्या खऱ्या गोळ्यांशी त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून कलाकारांची स्वतःची औषधं प्रॉपच्या (सीनमध्ये वापरायच्या वस्तूंच्या) टेबलापासून लांब, एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा.

फ्लॅशबॅक तिन्ही काढा. तरुण नवरा-बायको म्हणून वेगळे चेहरे दिसले की प्रेक्षकाचं निम्मं लक्ष नाक-डोळे जुळवण्यात जातं. लघुपटात त्याला तेवढी सवड नसते. शिवाय तरुणपण बघितलं की ‘तेव्हा प्रेम होतं, आता नुसती सवय आहे’ असा सोपा अर्थ निघतो, जो तुम्हाला नकोय. भूतकाळ हवाच असेल तर तो वादात ठेवा. एकच जुनी घटना दोघं वेगवेगळी सांगतात, तिचं म्हणणं चूक आहे हे तो जाणतो आणि या वेळी पहिल्यांदाच दुरुस्त करत नाही.

आता विसरण्याबद्दल. याबाबतीत पटकथा वैद्यकीयदृष्ट्या आणि नाट्यदृष्ट्या, दोन्हीकडून घसरते. अल्झायमरसारख्या आजारात साधारणपणे ताज्या गोष्टी आधी निसटतात, जुन्या बऱ्याच काळ टिकतात. हाताला वळण पडलेली कामं आणि गाणी तर पुष्कळदा फार उशिरापर्यंत शाबूत राहतात. त्यामुळे ती जुनं गाणं कडव्यांसकट म्हणेल हे अगदी शक्य आहे. पण गाणं आठवलं म्हणून त्याच्यासोबत नवराही परत आठवला, सगळी कवाडं उघडली, असं होत नाही. मधूनच एखादा लख्ख क्षण येतो, पण तो गाण्याच्या ठेक्यावर हजर होत नाही. मग उलट करून बघा. तिला पूर्ण गाणं येतं, ती खुशीत आहे, त्याच्या खांद्यावर डोकं टेकते आणि गाणं संपल्यावर विचारते, “तुम्ही कुणाकडे आलात?” त्याच्याजवळ तिला निर्धास्त वाटतंय, नाव मात्र गेलंय. तुमच्या आताच्या शेवटापेक्षा हे कितीतरी खरं आहे, आणि तिला मारायचीही गरज नाही. मरण हा अशा सिनेमाचा सगळ्यात हाताशी असलेला शेवट. म्हणूनच प्रेक्षक तो दहाव्या मिनिटाला ओळखतो.

आणखी काही बारकावे, लागतील तेवढे घ्या. अशा रुग्णांची अस्वस्थता अनेकदा संध्याकाळी वाढते, म्हणून ‘मला घरी जायचंय’ हा हट्ट सकाळपेक्षा दिवेलागणीला जास्त पटेल. तोच प्रश्न पाच वेळा येतो. पाचही वेळा नवरा सारखंच उत्तर देत नाही : पहिल्यांदा सरळ, मग थोडक्यात, मग तोडून, आणि लगेच ओशाळून पुन्हा सरळ. त्याला संत करू नका, वैतागू द्या. पाहुणे आल्यावर तिचं वाक्य अडण्याआधीच तो पूर्ण करतो, म्हणजे कुणाला कळू नये. ती त्यावर चिडते, कारण आयुष्यभर तिला त्याची हीच सवय खटकत आली आहे. हा एक सीन नक्की लिहा.

गाण्याचं एक रोकडं काम आहे. गाजलेलं गाणं वापरायचं तर मूळ रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे घ्यावे लागतात. कलाकार स्वतः गुणगुणली तरी रचनेचे हक्क लागतातच. महोत्सवात प्रवेशिका भरताना हे विचारतात. स्वतःची चाल बांधून घ्या. जुनी वाटेल अशी आठ ओळींची चाल पुरते.

मित्राला घेऊ नका. तरुण नटांनी म्हातारे सुंदर रंगवल्याची उदाहरणं आहेत. ‘सारांश’ (१९८४) केला तेव्हा अनुपम खेर ऐन विशीच्या शेवटाला होते आणि जपानी दिग्दर्शक ओझूंच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) सत्तरीच्या बापाचं काम करणारे चिशू र्‍यू ४९ वर्षांचे होते. पण तुमच्याकडे बायकोच्या भूमिकेत खरोखर सत्तरीची बाई आहे. तिच्या शेजारी एकाच फ्रेममध्ये रंगवलेला म्हातारा बसला की मान आणि हात लगेच चुगली करतात, आणि तुमची मुख्य कृतीच तळहाताची आहे. शिवाय नवखा नट म्हातारपण म्हणून पाठ वाकवतो आणि हात थरथरवतो. वय झालेला माणूस उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरकतो, पाय मागे घेतो, दोन्ही हातांवर भार देऊन पुढे झुकतो आणि उभं राहिल्यावर क्षणभर तोल सावरून मगच पाऊल टाकतो. वळताना एका झटक्यात वळत नाही, तीन-चार छोटी पावलं टाकतो. थरथरीचंही तसंच. पार्किन्सनमधली थरथर सहसा हात निवांत असताना दिसते आणि वस्तू उचलायला गेलं की कमी होते. पेला उचलतानाच हात कापणं हा बहुधा वेगळा त्रास असतो. नट मंडळी सगळ्यालाच एक थरथर लावतात.

पाठांतराची भीती संवाद कमी केल्यावर निम्मी जाईल. उरलेल्यासाठी : संहिता १८ पॉइंटमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला छापा, किमान दोन आठवडे आधी द्या आणि शूटिंगच्या सकाळी ओळी बदलू नका. तरुण नट ते चालवून घेतो. वय झालेल्या कलाकाराची जुनी आणि नवी ओळ एकमेकींत अडकते आणि मग सगळा सीन हलतो. वाचनाच्या तालमी एक-दोन पुरेत. त्याऐवजी दोन दुपारी त्या दोघांना प्रत्यक्ष जागी नेऊन, त्याच खुर्च्या, तीच डबी देऊन, गोळ्यांची कृती वीस-पंचवीस वेळा न बोलता करू द्या. हात आपोआप चालायला लागले की थांबा. दोन अनोळखी कलाकारांमध्ये जुनं लग्न दिसतं ते एवढ्यानंच.

वेळेचा हिशेब. पानाला एक मिनिट हा ठोकताळा संवादी पटकथेला लागू पडतो. निःशब्द कृतीचं अर्धं पानसुद्धा दीड मिनिट खातं. ३२ पानं म्हणजे तुमची फिल्म चाळिशीकडे जाईल. २० ते २२ पानांवर आणा आणि हातात घड्याळ घेऊन, कृती करत, प्रत्येक सीन मोजा. चार दिवसांचे पाच करा. २२ पानं पाच दिवसांत म्हणजे दिवसाला साडेचार पानं, आणि दिवस आठ तासांचा धरायचा, बारांचा नाही. अवघड आणि भावनेचे सीन सकाळच्या सत्रात. क्लोजअप आधी, वाइड (लांबून घेतलेले शॉट) नंतर. नेहमीचा क्रम उलटा असतो, पण पाचव्या टेकनंतरचा थकवा चेहऱ्यावर दिसतो, वाइडमध्ये दिसत नाही. लाइट लावताना खुर्चीत असिस्टंटला बसवा, कलाकारांना नको. रात्रीचे सीन खिडक्यांवर काळे कापड लावून दिवसा उरका. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं, आणि जेवणाची-औषधाची वेळ शेड्यूलवर छापलेली हवी. वारंवार जमिनीवर बसण्या-उठण्याची कृती असेल तर ती आत्ताच बदला.

कॅमेऱ्याबाबत आमचा एकच आग्रह आहे : दोघांना एका फ्रेममध्ये ठेवा. तो-ती-तो-ती असं आलटून-पालटून क्लोजअप कापलेत की दोन माणसं वेगळी होतात आणि सवय दिसेनाशी होते. ३५ किंवा ५० मिमी लेन्स, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित खाली, आणि शॉट लांब. त्यांना समोरासमोर बसवण्यापेक्षा शेजारी, एकाच दिशेला बघत बसवा. ‘टोकियो स्टोरी’तही म्हातारं जोडपं समुद्राच्या बांधावर असंच शेजारी बसतं. क्लोजअप दोन किंवा तीन, तेही हातांचे धरून.

चष्म्यात दिव्याचं प्रतिबिंब येईलच. काच काढून नुसती फ्रेम घालायला लावू नका, माणूस डोळे बारीक करून बघायला लागतो. दिवा वर आणि बाजूला न्या, चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचला म्हणजे काचा खाली झुकतात. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. आणि म्हातारं घर म्हणजे मिणमिणता पिवळा दिवा, ही समजूत सोडा. वयानुसार वाचायला जास्त उजेड लागतो. अशा घरात दिवसासुद्धा दिवा चालू असतो आणि तो वाचणाऱ्याच्या अगदी जवळ ओढलेला असतो. तुमच्या कॅमेऱ्यालाही ते सोयीचंच.

आवाजाकडे नवे दिग्दर्शक सगळ्यात कमी बघतात, आणि तुमची फिल्म तर शांततेवर उभी राहणार. दोघांना लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) आणि वर बूम (काठीवरचा माइक), दोन्ही ठेवा. कडक, खळ केलेले कपडे माइकवर खरखरतात, धुवून मऊ झालेले घ्या. प्रत्येक खोलीत सगळं बंद करून एक मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. श्वासाचा, उठताना निघणाऱ्या हुंकाराचा, डबीच्या झाकणाचा आवाज साफसफाईत पुसू देऊ नका.

कलाकाराला श्रवणयंत्र असेल तर आधी विचारून घ्या. हात, उशी किंवा दुसऱ्याचं डोकं कानाजवळ आलं की ते शिट्टी मारू शकतं, कारण यंत्रातून बाहेर पडणारा आवाज परावर्तित होऊन त्याच्याच माइकमध्ये शिरतो. मिठीच्या ऐन टेकला हे घडतं. तांत्रिक अडचण म्हणून टाळता येईल, पण तुमच्या जागी आम्ही ती पटकथेत घेतली असती : ती जवळ येते, शिट्टी वाजते, दोघं हसतात, तो यंत्र काढून ठेवतो आणि आता ती जे बोलते ते त्याला ऐकू येत नाही. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा उंच स्वर आधी जातात, त्यामुळे स, श, फ अशी व्यंजनं विरतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. म्हणून तो “काय?” न म्हणता भलतंच उत्तर देईल, आणि ती त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसेल. कोण कुठे बसतं हे यावरूनच ठरवा आणि फिल्मभर बदलू नका. शेवटच्या सीनमध्ये बदललंत तर न सांगता कळेल.

एडिटमध्ये पहिला कट पार्श्वसंगीताशिवाय बांधा आणि तसाच पाच-सहा जणांना दाखवा. ज्यांनी पटकथा वाचली आहे ते नकोत. ‘कशी वाटली’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ हेच येतं. दोनच प्रश्न विचारा : त्यानं गोळ्या खिशात का टाकल्या? आणि कुठे कंटाळा आला? पहिल्याचं उत्तर देता आलं नाही तर दोष गोळ्यांच्या तिसऱ्या सीनचा नसतो; पहिल्यांदाची कृती तुम्ही घाईत कापलेली असते. तिथे दहा सेकंद परत घाला. संगीत लागलंच तर ते गाण्याच्या सीननंतर येऊ दे, आधी नको.

आजी-आजोबांना सांगाच, आणि शूटिंगच्या आधी सांगा. दोघांना वेगवेगळं विचारा, कारण एकत्र विचारलं की एकच जण दोघांच्या वतीनं होकार देतो. आजीला स्वतःला विसरण्याचा त्रास असेल तर सकाळी, ती ताजीतवानी असताना बोला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. होकार मिळाला तरी नावं, व्यवसाय आणि नातेवाइकांना लगेच ओळखता येईल असा एखादा प्रसंग बदला. फिल्म तयार झाल्यावर त्यांना इतरांच्या आधी, घरी दाखवा. त्या प्रतीत मराठी संवादांनाही मराठीच उपशीर्षकं द्या, अक्षरं मोठी, काळ्या पट्टीवर पांढरी, आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत.